मेंदू २५ पर्यंत कच्चा, हा आकडा आला कुठनं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हल्ली घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, मेंदू २५ पर्यंत कच्चाच असतो म्हणे. पोरगी पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर, पुण्याला शिकायला जाते म्हणाली की हे निघतं, पोरगा उद्यमबागेतल्या कारखान्यातलं काम सोडून स्वतःचं काहीतरी टाकतो म्हणाला की निघतं. तोच पोरगा साडेसतराव्या वर्षी लष्कराच्या भरतीला उभा राहतो म्हणाला तर मात्र कोण काढत नाही.

फार जुन्यात शिरत नाही. हा मुलूख मुंबई इलाख्यात होता तेव्हा वयाचा वाद म्हणजे लग्नाच्या वयाचा वाद. १८७५ च्या कायद्यानं १८ ला सज्ञान धरलं, १९२९ च्या शारदा कायद्यानं लग्नाला मुलीचं १४ आणि मुलाचं १८ ठरवलं, १९७८ ला ते १८ आणि २१ झालं. मधे १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो पण हे कायदे केंद्राचे, त्यामुळं वयाच्या रेघा त्याच राहिल्या. मतदान १९८९ ला २१ वरनं १८ वर आलं. यातली एकही रेघ मेंदू बघून ओढलेली नाही.

अंगाचं थोडक्यात. उंची थांबली म्हणजे वाढ थांबली असं नाही, गळ्याच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, विशीत जुळतं, म्हणून वयाचा दाखला नसला की डॉक्टर त्याचाही एक्सरे बघतात. हाडं भरणं तर विशी संपत येईपर्यंत चालू असतं. तालमीतल्या वस्तादांना हे एक्सरेशिवाय कळत होतं.

आता २५. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या जवळपास नव्वद टक्के होतो, त्यामुळं पुढं काही विशेष घडत नसणार असं बरेच दिवस धरून चालले होते. १९९० च्या दशकात एमआरआयमुळं धडधाकट पोरांचा मेंदू पुन्हा पुन्हा तपासता यायला लागला, कारण त्यात एक्सरेसारखे किरण नसतात. अमेरिकेत त्याच मुलांना साधारण दोन-दोन वर्षांनी बोलावून फोटो काढले. २००४ ला त्यातला जो अभ्यास गाजला त्यात मुलं होती फक्त १३, आणि वय ४ ते २१. कपाळामागचा भाग, जो पुढचा विचार करतो आणि स्वतःला आवरतो, तो सगळ्यात उशिरा तयार होतो हे त्यात दिसलं, आणि २१ ला पण बदल थांबलेला नव्हता. थांबला कधी ते कळणार कसं, आलेखच तिथं संपलेला! मग "विशीच्या मध्यापर्यंत" असं ढोबळ बोलणं सुरू झालं आणि त्याचं बघता बघता २५ झालं. २००५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८ च्या आतल्या गुन्हेगारांची फाशी बंद केली, त्या खटल्यात मेंदूचे हे दाखले पुढं आले होते, त्यामुळं विषय पेपरात गेला. पोरांना वाचवायला काढलेला युक्तिवाद आमच्याकडं पोरांना, खरं तर पोरींना, थांबवायला वापरला जातो हे मला तरी खटकतं.

शिवाय नंतर अनेक देशांत, त्यात भारत पण होता, तपासलं तर असं दिसलं की शांतपणे बसून विचार करायची कुवत सोळाच्या आसपास मोठ्यांइतकी होते. मागं राहतं ते दोस्तांच्या गराड्यात, रागात, घाईत स्वतःला आवरणं. म्हणजे कुठलं कॉलेज घ्यायचं हे पोरगी ठरवू शकते, रात्री बाईक कशी हाणायची हा प्रश्न वेगळा. आणि २०२५ च्या शेवटी आलेल्या एका अभ्यासात मेंदूच्या जोडण्यांचं मोठं वळण थेट ३२ ला दाखवलंय, आता घरचे काय ३२ पर्यंत थांबवणार काय?

२००० साली अमेरिकेत १८ ते २५ हा वेगळाच टप्पा असतो असं मांडलं गेलं, धड पोर नाही धड मोठं नाही असा. त्यावर टीका झाली ती रास्तच वाटते, कारण हा टप्पा परवडतो त्यालाच मिळतो. निपाणीत विड्या वळणाऱ्या घरातली १९ वर्षांची सून कुठला टप्पा शोधत बसणार?

तसंच भरतीचं. मराठा रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर बेळगावातच, त्यामुळं २०२२ ची अग्निपथ योजना इकडं घरात शिरली. जाहीर झाली तेव्हा वय साडेसतरा ते २१, नोकरी चार वर्षं, कायम होणार जास्तीत जास्त चौथा हिस्सा. म्हणजे बाकीचे २५ च्या आत-बाहेर घरी परत.

लग्नाचं वय मुलीलाही २१ करायचं विधेयक २०२१ ला आलं आणि २०२४ ला लोकसभेबरोबर बारगळलं. त्याआधी कर्नाटकानं स्वतःची दुरुस्ती करून बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला, महाराष्ट्रात मात्र दोघांतलं जे लग्नावेळी अल्पवयीन होतं ते कोर्टात जाऊन रद्द करून घेईपर्यंत तो साधारणपणे टिकतो. त्यामुळं सतरा वर्षांच्या पोरीचं खानापुरात लावलेलं लग्न कायद्यानं झालेलंच नसतं, आणि शेजारच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडात लावलेलं झालेलं असतं.