एकाच टाकीवर दोन रंगांचा उजेड: मेटल हॅलाइड बल्बचा थंड कोपरा

कोरल्सच्या (प्रवाळांच्या) खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमच्या टाकीवर दोन मेटल हॅलाइड बल्ब, दोन्ही 250 वॅटचे, दोन्हींवर 10000 केल्विन हा उजेडाच्या रंगाचा आकडा छापलेला, एकाच दिवशी लावलेले, आणि तरी डावीकडची वाळू स्वच्छ पांढरी दिसतेय आणि उजवीकडची हिरवट-निळी. मधोमध एक रेघ मारल्यासारखा फरक. माझ्या टाकीवर हे झालं तेव्हा मी सगळे करतात तेच केलं, उजवीकडचा बल्ब गेला असं समजून नवीन आणला. नवीनही तसाच हिरवट. नवीन बल्बचा रंग पहिले साधारण 100 तास स्थिर नसतो हे माहीत होतं म्हणून दोन आठवडे थांबलो, तरी रंग तसाच. बल्बमध्ये काहीच बिघाड नव्हता, आणि हे कळायला मला आधी या बल्बमध्ये रंग मुळात येतो कुठून ते नीट समजून घ्यावं लागलं.

साध्या फिलामेंटच्या बल्बमध्ये तार तापते आणि उजेड देते. इथे तार नाही. आत क्वार्ट्झची किंवा सिरॅमिकची एक छोटी नळी असते, तिच्यात थोडा आरगॉन, थोडा पारा आणि चिमूटभर धातूंचे क्षार. सोडियम, थॅलियम, इंडियम, स्कँडियम, डिस्प्रोशियम वगैरेंचे आयोडाइड किंवा ब्रोमाइड. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये विजेचा आर्क, म्हणजे सतत पेटती विजेची ज्योत, पेटतो आणि त्या उष्णतेने क्षारांची वाफ होऊन प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा उजेड द्यायला लागतो. सोडियम पिवळा, 589 नॅनोमीटरला. थॅलियम हिरवा, 535 ला. इंडियम निळा, 451 ला. पाऱ्याच्या स्वतःच्या रेषा असतातच, जांभळी, निळी, हिरवी, पिवळी. या सगळ्यांची बेरीज होऊन आपल्याला पांढरा उजेड दिसतो. पाऱ्याच्या दिव्यात असे क्षार घालायची कल्पना विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1912 मध्येच पेटंट केली होती, पण रोज वापरता येईल असा दिवा व्हायला 1960 चं दशक उजाडलं, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गिल्बर्ट रायलिंग यांच्या कामातून.

आता मुख्य गोष्ट. क्षार नळीत मुद्दाम जास्त घातलेले असतात, सगळे कधीच वाफ होत नाहीत, उरलेले द्रवाच्या रूपात नळीच्या सगळ्यात थंड जागी साचून राहतात. थंड म्हणजे नळीच्या मानाने थंड, तिथेही शेकडो अंश सेल्सिअस तापमान असतं! आणि किती क्षार वाफेत जाणार हे आर्क किती तापलाय यापेक्षा ती सगळ्यात थंड जागा किती तापलीये यावर ठरतं. ती जागा थोडी जरी थंड पडली तरी क्षारांची वाफ कमी होते, पारा मात्र आधीच पूर्ण वाफ झालेला असतो, त्यामुळे उजेडात पाऱ्याचा वाटा वाढतो आणि रंग हिरवट-निळा होतो. म्हणजे बल्बचा रंग बिघडला की खरा प्रश्न हा विचारायचा की त्या थंड कोपऱ्याला उष्णता का कमी पडतेय.

हे सगळं रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर घडत असतं, फक्त बघायला हवं. बल्बकडे थेट अजिबात बघू नका, वाळूकडे बघा. दिवा लावल्यावर आधी मंद जांभळट उजेड येतो, तो आरगॉन आणि थोडा पारा. मग पारा जोरात येतो आणि सगळी टाकी हिरवट-निळी, कोरल्स मेल्यासारखे फिके दिसतात. मग हळूहळू क्षार वाफ व्हायला लागतात, वाळूवर ऊब आल्यासारखी वाटते, लाल आणि गुलाबी रंग परत येतात. बहुतेक बल्बना यासाठी काही मिनिटं लागतात. माझा उजवीकडचा बल्ब या प्रवासात मधल्याच मुक्कामाला अडकल्यासारखा वाटत होता आणि तोच मला पहिला खरा पुरावा वाटला.

मग शोध सुरू केला, आणि इथे एकच पद्धत खरी कामाची आहे, अदलाबदल. बल्ब बंद करून पूर्ण गार होऊ द्या, मेन स्विच बंद, प्लग काढलेला, मग डावीकडचा बल्ब उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. लगेच निकाल लावू नका, जागा बदलल्यावर आतले क्षार पुन्हा कुठेतरी साचतात, दोन-तीन दिवस द्या. रंग बल्बबरोबर गेला तर दोष बल्बचा. रंग जागेवरच राहिला तर बल्ब निर्दोष आणि मागे वळून बॅलास्ट (बल्बला मिळणारा करंट आवरणारा डबा), होल्डर, रिफ्लेक्टर यांच्याकडे बघायचं. माझ्याकडे हिरवटपणा उजवीकडेच राहिला. मग बॅलास्टची जोडणी उलटी करून घेतली, म्हणजे डावीकडच्या बॅलास्टवर उजवीकडचा बल्ब, आणि हिरवटपणा डावीकडे आला! सहा महिने ज्या बल्बला दोष देत होतो त्याचा यात काहीच संबंध नव्हता.

माझ्या बॅलास्टमध्ये कपॅसिटर, म्हणजे विजेचा चार्ज साठवणारा भाग, बल्बच्या ओळीतच जोडलेला असतो आणि बल्बला किती करंट मिळणार हे तो ठरवतो. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून त्याची क्षमता कमी झाली होती, करंट कमी, वॅट कमी, थंड कोपरा अजून थंड. बल्ब पेटत होता, उजेडही देत होता, म्हणून शंकाच येत नाही. ज्या साध्या बॅलास्टमध्ये नुसती कॉइल असते तिथे घरातलं व्होल्टेज पडलं तरी असंच होतं, कारण व्होल्टेज जितके टक्के पडतं त्याच्या दुप्पट किंवा जास्त बल्बचे वॅट पडतात. आणि बॅलास्ट बल्बच्या जातीचाच हवा. पेन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी ॲक्वेरियमचे कित्येक बल्ब वेगवेगळ्या बॅलास्टवर लावून मोजलेत, आणि तोच बल्ब बॅलास्ट बदलला की वेगळा रंग आणि वेगळा उजेड देतो हे त्यात स्पष्ट दिसतं. दोन बाजूंना दोन वेगळ्या जातीचे बॅलास्ट असतील तर रंग जुळण्याची अपेक्षाच ठेवू नका.

एक सांगून ठेवतो, बॅलास्ट उघडायचं काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असू शकतो आणि इग्नायटर (बल्ब पेटवणारा भाग) असलेल्या बॅलास्टमध्ये पेटवतानाचा झटका काही हजार व्होल्टचा असतो. तसंच बाहेरची काच फुटलेला किंवा समोरची संरक्षक काच काढलेला बल्ब एक मिनिटही चालवू नका, त्यातून येणारं अल्ट्राव्हायोलेट डोळे आणि कातडी भाजतं, कोरल्सही भाजतात.

एकाच बल्बखाली एक टोक पिवळं आणि दुसरं निळं असेल तर ती वेगळी गोष्ट. आडव्या नळीत गरम वायू वर जातो म्हणून आर्क वरच्या बाजूला कमानीसारखा वाकतो आणि उरलेले क्षार खाली साचतात. लाइट एका बाजूला जरा जरी कललेला असेल तर हे क्षार खालच्या टोकाकडे जमतात, त्या थरातून गाळून येणारा उजेड पिवळट पडतो. इथे लेव्हल लावून बघणं एवढंच काम असतं. गार करणारा पंखा थेट बल्बच्या एका टोकावर मारत असेल तरी ते टोक गार पडतं, पंख्याचा झोत पाण्यावर घ्या. समोरच्या काचेवर मिठाचा थर असेल, रिफ्लेक्टरवर डाग असतील, तेही पुसून बघा, हे मी सगळ्यात आधी बघायला हवं होतं. पाणी मात्र यात दोषी नसतं. जुनं पाणी पिवळं पडतं खरं, ॲक्टिव्हेटेड कार्बनने ते साफही होतं, पण ते सगळ्या टाकीत सारखं पडतं, अर्ध्या टाकीत नाही.

बल्ब म्हातारा होतो तेव्हाही रंग सरकतो. सोडियम तापलेल्या क्वार्ट्झमधून हळूहळू निसटतो, स्कँडियम क्वार्ट्झशीच रिॲक्शन करतो, इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून नळीच्या भिंतीवर काळं बसतं. गार बल्ब उजेडात धरून बघा, टोकाकडे काळपट धूर बसल्यासारखं दिसेल. कुणाचा रंग गुलाबीकडे जातो, कुणाचा निळ्याकडे, म्हणूनच एक जुना आणि एक नवीन असे बल्ब शेजारी ठेवले तर जुळत नाहीत. आणि 10000 केल्विन हा आकडा फक्त निळं-पिवळं किती ते सांगतो, हिरवट की गुलाबी ते सांगतच नाही, दोन कंपन्यांचे सारखा आकडा छापलेले बल्ब सरळ वेगळे दिसू शकतात.

डोळ्यांवर विश्वास नसेल (माझा नाहीये, डोळे दहा मिनिटांत सवय करून घेतात) तर पांढरी प्लॅस्टिकची पट्टी टाकीच्या दोन्ही बाजूंना एकाच खोलीवर धरा आणि मोबाइलचं व्हाइट बॅलन्स एकदाच लॉक करून दोन्हीचे फोटो काढा. अजून खोलात जायचं असेल तर पुठ्ठ्याला बारीक फट पाडून उजेड पडलेला पांढरा कागद त्या फटीतून जुन्या सीडीच्या चकाकत्या बाजूत बघा. रंगांच्या वेगवेगळ्या रेघा दिसतात, आणि माझ्याकडे उजवीकडच्या उजेडात पाऱ्याची हिरवी रेघ ठसठशीत होती पण तिच्या शेजारची सोडियमची पिवळी जवळजवळ गायब.

कपॅसिटर त्याच रेटिंगचा नवीन बसवला, आणि त्या संध्याकाळी उजवीकडची वाळू हिरवट टप्पा ओलांडून डावीकडच्यासारखी पांढरी झाली. पण सहा महिने कमी उजेडात राहिलेल्या उजवीकडच्या कोरल्सना एकदम पूर्ण 250 वॅट मिळाले तर ती पांढरी पडू शकतात, त्यांच्या आत राहणारं शैवाल जादा उजेड सहन करत नाही, म्हणून लाइट एक फूट वर टांगला आणि दर आठवड्याला थोडा थोडा खाली आणला.