मेल उतरवताना ‘सर्व्हर टाइमआऊट’ असा संदेश आल्यास

आऊटलुक किंवा थंडरबर्ड हे मेल प्रोग्राम आपोआप मेल उतरवून घेताना मध्येच ‘सर्व्हर टाइमआऊट’ (सर्व्हरचे उत्तर मुदतीत आले नाही) असा संदेश दाखवू लागल्यास आपली मेल हरवली, असे समजू नये. न उतरलेली मेल सर्व्हरवरच, म्हणजे मेलसेवेच्या संगणकावरच असते. खाते काढून पुन्हा जोडण्याची घाई मात्र कृपया करू नये, कारण पॉप (मेल सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवून घेण्याच्या) पद्धतीच्या खात्यात जुनी मेल बहुधा फक्त आपल्याच संगणकावर असते.

आधी ब्राउझरमधून वेबमेल, म्हणजे मेलसेवेचे संकेतस्थळ, उघडून पाहावे. कोणतेही संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष इंटरनेटचा आहे; पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर राउटर एकदा बंद करून चालू करणे अनेकदा पुरेसे ठरते.

वेबमेल व्यवस्थित उघडत असेल, तर एखादी जड मेल वाट अडवून बसली आहे का ते तपासावे. किनारपट्टीवरील हॉटेलांना सी-फॉर्मसाठी (परदेशी पाहुण्यांची सरकारला द्यायची माहिती) परदेशी पाहुणे पासपोर्टचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात. अशी १५ एमबीची जोडपत्रे मेलमधून जाताना सुमारे २० एमबीची होतात, त्यात अँटिव्हायरस ती तपासण्यासाठी रोखून धरतो आणि तेवढ्यात मेल प्रोग्रामची सर्व्हरच्या उत्तरासाठी वाट पाहण्याची मुदत संपते. पुढच्या खेपेस पुन्हा तीच मेल आडवी येते. ती वेबमेलमध्ये उघडून जोडपत्रे उतरवून घ्यावीत व मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावी, म्हणजे मागची मेल मोकळी होते.

जुन्या आऊटलुकमध्ये ही मुदत मुळात १ मिनिट असते. ती ३ ते ५ मिनिटे करावी. त्याहून वाढवणे म्हणजे आमच्या मते दोष झाकणे होय.

मेल दर मिनिटाला तपासण्याची सवयही घातक आहे. पॉप पद्धतीत एक जोडणी चालू असेपर्यंत टपालपेटीला कुलूप असते, त्यामुळे आधीची जोडणी अर्धवट तुटलेली असताना किंवा रिसेप्शन आणि हिशेब विभाग एकच खाते वापरत असताना नवी जोडणी नाकारली जाऊ शकते. हे अंतर १० ते १५ मिनिटे ठेवावे.

नवीन खात्यात पहिल्यापासूनच टाइमआऊट येत असेल, तर खात्याच्या सेटिंगमधील पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, पाहावा. एसएसएलसह (जोडणी सुरक्षित करणाऱ्या सोयीसह) पॉपसाठी ९९५ आणि आयमॅपसाठी (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या पद्धतीसाठी) ९९३ हे क्रमांक आहेत. पोर्ट ९९५ ठेवून एसएसएल बंद राहिले, तर सर्व्हर आणि प्रोग्राम दोघेही एकमेकांच्या आरंभाची वाट पाहत राहतात आणि मुदत संपते.

एवढे करूनही अडचण राहिल्यास संदेशाचा फोटो व तो आल्याची वेळ आम्हाला कळवावी. पासवर्ड मात्र आमच्या कर्मचाऱ्यांनाही पाठवू नये.