ओरापाचे हिरे कोणाचे?

३० सप्टेंबर १९६६ ला बेचुआनालँड स्वतंत्र होऊन बोट्स्वाना झालं, तेव्हा देशात डांबरी रस्ता होता जेमतेम १२ किलोमीटर. लोक गुरं राखायचे, पावसाकडे डोळे लावून बसायचे. तरुण पोरं दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत मजुरीला जायची. सेत्स्वाना भाषेत पावसाला ‘पुला’ म्हणतात. पुढे १९७६ मध्ये स्वतःचं चलन आलं, त्यालाही हेच नाव दिलं.

हिऱ्यांचा माग मोतलौत्से नदीत लागला. १९५० च्या दशकात तिच्या पात्रात मोजके बारीक हिरे मिळाले, पण ते आले कुठून हे कळेना. डी बिअर्स या हिरे कंपनीचे भूशास्त्रज्ञ गॅव्हिन लॅमाँट यांनी तर्क लढवला: पूर्वी कधीतरी जमीन उचलली जाऊन नदीचा वरचा भाग तुटला असावा, म्हणजे मूळ जागा आजच्या उगमाच्याही पश्चिमेला. १९६७ मध्ये तिकडेच ओरापाचा हिऱ्यांचा साठा सापडला. कलाहारीच्या जाड वाळूखाली शोधताना वाळवीचीही मदत होते. ती ओलाव्यासाठी खोल जाते आणि खालची माती वर आणते. त्या वारुळांत गार्नेट, इल्मेनाइट या खनिजांचे कण दिसले की खाली किंबर्लाइट, म्हणजे ज्यात हिरे सापडतात तो खडक, असण्याची शक्यता असते.

पण मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो १९६७ चाच खनिज कायदा. त्याने जमिनीखालच्या संपत्तीचा हक्क टोळ्यांकडून देशाकडे आणला. ओरापा बामांग्वातोंच्या मुलखात, आणि राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच टोळीच्या राजघराण्यातले! हक्क आधी घरच्यांनी सोडला, म्हणून बाकीच्यांना सांगता आलं. हिऱ्यांवरून अंगोलात रक्त सांडलं, ते इथे टळलं, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे.

ओरापाची खाण १९७१ मध्ये सुरू झाली, ज्वानेंगची हिऱ्यांची खाण १९८२ मध्ये. डी बिअर्सबरोबरच्या कंपनीत सरकारचा हिस्सा सुरुवातीला १५ टक्के होता, तो १९७० च्या दशकातच ५० टक्क्यांवर गेला. या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले.

तांबे-निकेलच्या सेलेबी-फिक्वेची खाण मात्र २०१६ मध्ये बंद पडली आणि हजारोंचा रोजगार गेला. हिऱ्यांचीही काळजी वाटू लागली आहे. आफ्रिकेतल्या कच्च्या हिऱ्यांना सुरतचे कारागीर पैलू पाडतात, मुंबईत बीकेसीला त्यांचे सौदे होतात; आणि आता त्याच सुरतेत प्रयोगशाळेतले स्वस्त हिरेही तयार होतात. त्यांनी खाणीतल्या हिऱ्याची मागणी खाल्ली, त्याची झळ थेट ज्वानेंगला बसते आहे.