घोड्याच्या चिखल्या आणि बोटभर तेल

लगीनसराई संपते, मृगाचा पाऊस पडतो आणि आमच्या परभणीकडच्या वरातीच्या घोड्या मांडवातून रानात येतात. जरीच्या झुली पेटीत जातात, घोडी बांधावर चरायला लागते. आमच्या वस्तीतले घोडीवाले चाचा या दिवसांत रोज सकाळी एक काम न चुकता करतात. वाटीत बोटभर तेल घ्यायचं आणि घोडीच्या चारही पायांना, गुडघ्यापासून खुरापर्यंत, केसांच्या कलानं चोळायचं. हाताला उरलेलं पोटाखाली आणि शेपटीच्या टोकाला पुसायचं. संध्याकाळी घोडी परत येते तेव्हा चिखल असतोच, पण तो वाळल्यावर खराऱ्याचे चार हात मारले की पोपडे गळून पडतात.

एकदा सकाळीच सर आली आणि घोडी भिजली. मी तेलाची वाटी पुढे केली, तर चाचा म्हणाले, "नको बेटा. ओल्या पायाला तेल लावायचं नाही, अब्बा म्हणायचे. का ते त्यांनीबी सांगितलं नाही, मीबी विचारलं नाही."

मी मात्र त्या 'का'च्या मागे लागलो.

आधी चिखलाचं बघू, कारण मराठवाड्याचा चिखल साधा नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा बेसाल्ट खडक झाला आणि तो झिजून आपली काळी माती तयार झाली. या मातीतल्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि आकारानं गोल नव्हे तर पानासारखे चपटे. कण म्हणजे पातळ पापुद्र्यांची चळत असते. पाऊस पडला की पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, माती फुगते. ऊन पडलं की तेच पाणी निघून जातं आणि वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात या रानात दहा पावलं चाला, चपलेखाली मातीची पेंड चढते आणि पाय उचलेनासा होतो. पूर्वी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. त्यामागे मुहूर्त होता तसं हे रानही होतं. ते वाळल्याशिवाय घोडदळ पुढे कसं सरकणार?

हा चिखल केसाला धरतो तो दोन टप्प्यांत. ओला असताना पाणी केस आणि मातीचे कण यांच्यामध्ये इवलेसे पूल बांधतं आणि दोघांना एकमेकांकडे ओढतं. वाळताना हे पूल आकसतात, त्यांच्याबरोबर चपटे कणही खेचले जातात आणि केसावर आडवे होऊन बसतात. घोड्याचा केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्यावर कौलांसारखे खवले दिसतात, मुळाकडून टोकाकडे एकावर एक रचलेले. त्या कौलांच्या कडांशी माती अडकली की खराऱ्याखाली केस तुटेल, पण माती निघणार नाही.

तेल नेमकं इथे काम करतं. केस आधीच तेलानं माखला असेल तर पाण्याला त्यावर पसरता येत नाही. ते थेंब करून बसतं आणि उताराला लागतं. पुलांना पाया मिळत नाही. तरीही चिखल बसतोच, कारण घोडी त्यात गुडघाभर उभी असते. पण आता तो केसावर नसतो, तेलाच्या पातळ थरावर असतो. तेल द्रव असल्यामुळे तो थर सहज सरकतो, आणि वाळलेला पोपडा थोड्याशा जोरानंही सुटतो. चाकूला तेल लावून फणस कापतात तो हाच प्रकार.

मी घरी करून पाहिलं. खराऱ्यात निघालेल्या शेपटीच्या केसांच्या दोन जुड्या घेतल्या, एकीला तेलाचा हात लावून निथळवली, दुसरी कोरडी ठेवली. दोन्ही काळ्या मातीच्या पातळ चिखलात बुडवून सावलीत वाळवल्या. तेलाची जुडी दोन बोटांत चुरताच बरीचशी माती पडली. कोरडीवर माती नळीसारखी घट्ट बसली होती. मग तिसरी जुडी तेलात अगदी चिंब केली आणि चिखलाऐवजी कोरड्या धुळीत फिरवली. ती तर मातीनं बरबटलीच. म्हणून तेल जास्त झालं की उलटं होतं. चाचांचं 'बोटभर' हे माप नेमकं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. चेहऱ्याचा तेलकटपणा जावा म्हणून बाया मुलतानी माती लावतात. त्या मातीतलं मुख्य खनिज आपल्या काळ्या मातीतल्या खनिजाच्या कुळातलंच. म्हणजे ज्या चिखलाला तेल अडवतं, तोच वाळता वाळता ते तेल थोडंथोडं शोषून घेतो. सकाळचं तेल संध्याकाळपर्यंत उरत नाही ते यामुळेही. रोज लावावं लागतं, आणि त्याला पर्याय नाही.

निसर्गानं घोड्याला स्वतःचंही तेल दिलेलं आहे. प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी चरबीसारखा पदार्थ सोडतात, खरारा केल्यानं तो केसभर पसरतो आणि अंग चमकतं. चांगल्या पागेतल्या घोड्याची चकाकी ही अर्धी चंदीची म्हणजे खुराकाची, अर्धी खराऱ्याची असते. पण अंगावर असं तेल असताना घोड्याला घामानं थंड कसं होता येतं? घाम थेंब करून ओघळून गेला तर उपयोग काय? घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं आणि ते साबणासारखं वागतं. त्याच्यामुळे घाम तेलकट केसांतून पसरतो, भरभर वाळतो आणि अंग थंड करतो. पळून आलेल्या घोड्याच्या मानेवर आणि मांड्यांत पांढरा फेस दिसतो, तो याच प्रथिनाचा.

म्हणूनच सबंध अंगाला तेल चोपडणं मला पटत नाही. वरून जाड थर दिला तर घामाचं पसरणं आणि वाळणं दोन्ही अडतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात घोड्याला ते महागात पडू शकतं. पाय, पोटाची खालची बाजू, शेपूट एवढंच पुरे. खोगिराच्या आणि ते आवळणाऱ्या पट्ट्याच्या, तंगाच्या जागी तर थेंबही नको. तिथे खोगीर सरकतं आणि कातडं सोलतं. पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून घोड्या कपड्यांच्या पावडरीनं धुतात, हेही थांबायला हवं. पावडरीनं डाग जातो, आणि त्याबरोबर घोड्याचं जन्माचं तेलही जातं.

तेल कोणतं? आमच्याकडे घरोघरी करडई, म्हणून पहिला हात तिकडेच जातो. पण करडईच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन रेणू एकमेकांत गुंततात आणि तेल चिकट होतं. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर जमणारा चिवट थर आठवा. जवसाचं तेल तर याच गुणामुळे रंगात वापरतात. करडईचं तेल पायावर रोज चढत गेलं तर चिखलाला उलट गोंदच मिळतो. शेंगदाणा तेल त्यापेक्षा बरं. खोबरेल आणखी बरं, ते सहसा चिकट होत नाही आणि केसाच्या आतही मुरतं. मात्र साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, म्हणजे मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत घोडा नेताना बाटली आधी उन्हात ठेवावी लागणार. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन मुरत नाही, वरच राहतं आणि हवेनं बिघडत नाही. निव्वळ चिखलासाठी मी तेच घेईन.

गाडीचं जळकं काळं ऑइल मात्र कुणीही, कधीही लावू नये. गावोगाव ते जनावरांच्या जखमांवर चोपडताना पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे. त्यात इंजिनातले धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात. जनावर ते चाटतं.

आता अब्बांच्या 'नको'कडे. पावसाळ्यात चिखलात उभं राहून माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घोड्याचंही तसंच होतं, खुराच्या मागच्या खोबणीत. कातडं भिजून मऊ पडतं, चिखलाचे कण घासून बारीक ओरखडे उठतात आणि जंतूंना दार उघडतं. त्यांतला एक ठळक जंतू म्हणजे डर्माटोफिलस काँगोलेन्सिस. १९१५ मध्ये काँगोतल्या गुरांच्या कातडीवर तो पहिल्यांदा ओळखला गेला, नाव तिथूनच पडलं. कोरड्या खपलीत तो महिनोन्महिने झोपून राहतो. ओल मिळाली की त्याचे बीजाणू जागे होतात, शेपटीसारख्या तंतूंनी पोहत निघतात आणि ओरखड्यातून आत जातात. मग खपल्या, झिरपणारी लस, सूज आणि शेवटी लंगडणं. ज्यांच्या पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, त्या नुकऱ्या घोड्यांना हा त्रास जास्त होतो, आणि वरातीला मागणी नेमकी त्यांनाच.

ओल्या पायावर तेल लावलं की ही ओल आत कोंडते. वाळायला वाट राहत नाही. कोरड्या पायावर जे तेल छत्रीसारखं वागतं, तेच ओल्या पायावर झाकण होतं आणि खाली बीजाणूंना हवं तसं दमट घर मिळतं. खपल्या आधीच धरल्या असतील तर तेलाचा नाद सोडून पशुवैद्यांना दाखवावं. त्या ओरबाडून काढू नयेत, खालचं कातडं कच्चं असतं. रोज सायंकाळी पाइप लावून पाय धुण्याची हौसही नडते, कारण धुतलेले पाय पुसून कोरडे करायला कुणाला सवड नसते. त्यापेक्षा घोडी कोरड्या जागी बांधून चिखल वाळू द्यावा आणि मग झाडावा.

हे सगळं मी चाचांना सांगितलं. पोहणाऱ्या बीजाणूंचं ऐकून त्यांनी मान डोलावली. मग घोडीचा मागचा पाय उचलून मांडीवर घेतला, उलट्या बोटांनी खुरामागची खोबण चाचपली, गोणपाटानं एकदा पुसली, पुन्हा चाचपली. त्यानंतरच त्यांचा हात तेलाच्या वाटीकडे गेला.