मिश्र हार्डनर (पॉलियुरेथेन लेप)

दोन डब्यांत मिळणाऱ्या पॉलियुरेथेन (पीयू) रंगात किंवा पॉलिशमध्ये दोन प्रकारचे हार्डनर मोजून एकत्र वापरण्याची पद्धत. एका डब्यात हायड्रॉक्सिल गट असलेले ॲक्रिलिक वा पॉलिएस्टर रेझिन असते, दुसऱ्यात पॉलिआयसोसायनेट, म्हणजेच हार्डनर. दोन्ही मिसळले की युरेथेन बंध जुळून जाळीदार, न वितळणारा थर तयार होतो. या रसायनाचा पाया ओट्टो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेन येथे घातला.

एचडीआय (हेक्सामेथिलीन डायआयसोसायनेट) ट्रायमर, म्हणजे तीन रेणू जोडून बनवलेला हार्डनर, लवचीक असतो आणि उन्हात सहसा पिवळा पडत नाही; पण त्याचा थर बराच वेळ ओलसर राहतो व त्यावर धूळ बसते. आयपीडीआय (आयसोफोरोन डायआयसोसायनेट) ट्रायमरची रचना वलयी, ताठर. त्यामुळे विद्रावक उडताच थर हाताला कोरडा लागतो. हा कोरडेपणा फसवा आहे, कारण आतली रासायनिक क्रिया एचडीआयपेक्षा संथ चालते. शिवाय एकटा वापरल्यास थर ठिसूळ होतो. म्हणून बाहेरच्या कामासाठी एचडीआय मुख्य ठेवून त्यात थोडा आयपीडीआय घालतात. टीडीआयवर (टोल्युइन डायआयसोसायनेट) आधारलेला हार्डनर स्वस्त आणि जलद, पण पिवळा पडणारा. तो घरातल्या लाकडापुरता ठीक.

चूक बहुधा प्रमाणात होते. हार्डनर नुसत्या वजनाने नव्हे, तुल्यभाराने मोजावा लागतो, म्हणजे क्रिया करणाऱ्या गटांचा एक तुल्यांक (एक मोल) जितक्या ग्रॅममध्ये असतो त्या हिशेबाने. हार्डनरचा तुल्यभार: ४२०० भागिले आयसोसायनेट गटाची टक्केवारी. एचडीआय ट्रायमरमध्ये (२१.८ टक्के) तो सुमारे १९३ येतो, तर आयपीडीआयच्या ७० टक्के द्रावणात (११.९ टक्के) ३५३. समजा रेझिनचा तुल्यभार ६०० आहे आणि हार्डनरचे तुल्यांक ७०:३० हवे आहेत; तर ६०० ग्रॅम रेझिनला १३५ ग्रॅम एचडीआय व १०६ ग्रॅम आयपीडीआय द्रावण लागेल. डोळ्यांना हे जवळजवळ निम्मे-निम्मे दिसते, आणि घोटाळा तिथेच होतो. प्रत्यक्षात हार्डनर ५ ते १० टक्के जास्त घेतात, कारण काही आयसोसायनेट हवेतल्या ओलीशी क्रिया होऊन खर्ची पडते.

ओलीशी क्रिया झाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे धरतात. कोकणातल्या पावसाळ्यात पीयू मारणे त्यामुळेच जिकिरीचे. थिनरही पीयूसाठीचाच हवा. अल्कोहोल असलेला थिनर हार्डनर खाऊन टाकतो. फवाऱ्यातले आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा कापडी मास्क तिथे कामाचा नाही.