फुकटात घाट उतरण्याची किंमत

तुळजापूरहून परतताना घाटाच्या तोंडाशी मेव्हण्याने गाडी न्यूट्रलला टाकली आणि म्हणाला, "दाजी, आता खालपर्यंत फुकटात!" सोलापुरात गाडी शिकलेल्या बऱ्याच जणांना ही खोड असते. आमचा मुलूख सपाट. घाट म्हणजे तुळजापूरचा, आणि बालाघाटाच्या कडेवरचं ते गाव सोलापूरहून दोनशेएक मीटर उंच. तेवढ्या उतारावर ही चैन खपून जाते. पण हीच खोड घेऊन मंडळी मे महिन्यात महाबळेश्वरला निघतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. तिथून वाईकडे पसरणी घाट उतरतो, मेढ्याकडे केळघर आणि पोलादपूरकडे आंबेनळी. आंबेनळीने कोकणात उतरताना गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. माणसं-सामानासकट गाडी १,५०० किलोची धरली, तर हजार मीटरसाठी उत्तर येतं १ कोटी ४७ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचं ५० लिटर पाणी उकळीला येईल. टायर आणि वारा यातला बराच वाटा उचलतात. पण न्यूट्रलमध्ये उरलेलं सगळं ब्रेकच्या बिडाच्या चकत्यांच्या माथी येतं. चकत्या तापतात, गार व्हायला उसंत मिळत नाही.

आता माझा आवडता भाग. पेडलवरचा तुमचा जोर चाकापर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी नेहमीच्या गाडीत ते तेल नसतं. ग्लायकॉल जातीचा, हवेतलं बाष्प शोषणारा द्रव असतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की ही मर्यादा १४० वर येते. चकतीची धग कॅलिपरपर्यंत, म्हणजे चकतीला चिमटा लावणाऱ्या भागापर्यंत, पोचली की द्रवात वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग तुमचा सगळा जोर बुडबुडे चेपण्यात जातो, पेडल थेट फरशीला टेकतं आणि चाकाला काही कळतच नाही.

हे घडतं बहुधा उताराच्या शेवटाकडे, कारण ब्रेक तोवर सर्वांत तापलेले असतात. मग "त्या वळणावर काहीतरी आहे" अशी वदंता पसरते, बंपरला लिंबू-मिरच्या लागतात. लिंबाने उत्कलनबिंदू वाढत नाही. आणि थांबून अर्धा तास चहा घेतला की ते "काहीतरी" निघून जातं, कारण वाफ पुन्हा द्रव होते!

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरात चढलात त्याच गियरात उतरा. गियरमध्ये चाकंच इंजिन फिरवतात. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेची झडप मिटते, पिस्टनला ओढायला हवाच पुरत नाही, तो अडतो आणि चाकांना मागे खेचतो. डिझेलला बहुधा अशी झडप नसते, म्हणून ट्रकांना धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावतात. ब्रेकचं ओझं असं इंजिन वाटून घेतं.

आणि फुकटाचं म्हणाल तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये पाय सोडून उतरताना संगणक इंधन तोडतो, म्हणजे खप शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं इंधन जळतच राहतं. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांची तर कमाल आहे: ब्रेक दाबायला इंजिनामुळे मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं.

मेव्हण्याला हे पटलं नाही. पुढच्या रविवारी त्याची गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून आत बोट बुडवलं. बोटाला काळ्या चहासारखा रंग आला. "कधी बदललं होतं?" त्याने विचारलं.

"हे बदलायचं असतं?" मेव्हणा म्हणाला.