सेफ्टी वेगळी, हेल्थ वेगळी: मालकाची जबाबदारी नेमकी कुठे अर्धवट राहते

'हेल्थ अँड सेफ्टी' हे दोन शब्द इतके जोडीने येतात की आपण ते एकच धरून चालतो, आणि मग होतं काय, सगळं लक्ष सेफ्टीकडे जातं आणि हेल्थ नुसती बोर्डावर उरते. मी बरीच वर्षं सेफ्टीचं काम केलंय आणि अजूनही जिथे जातो तिथे हाच गोंधळ बघतो. मालक अगदी मनापासून सांगतात, आमच्याकडे तीन वर्षांत एकही अपघात नाही. आणि ते खरंही असतं. पण मी विचारतो, हवेतली धूळ कधी मोजली? आवाज मोजला? तर समोरचा नुसता बघत राहतो.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न वापरतो. इजा किती वाजता झाली हे सांगता येतं का? सांगता येत असेल तर तो अपघात, म्हणजे सेफ्टीचा विषय. प्रेसमध्ये बोट गेलं, शिडीवरून पडला, शॉक बसला, फोर्कलिफ्टची धडक बसली, यात वेळ माहीत असते, जागा दाखवता येते, बघणारे असतात. आणि वेळ सांगताच येत नसेल, रोज थोडं थोडं होत गेलं आणि कितीतरी वर्षांनी डॉक्टरकडे कळलं, तर तो कामामुळे झालेला आजार, म्हणजे हेल्थचा विषय. त्याला साक्षीदार नसतो, आणि कितीतरी वेळा तोवर माणूस ते काम सोडूनही गेलेला असतो.

आता या दोघांत मोठं कोण हे बघा, कारण इथे बहुतेकांचा अंदाज साफ चुकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी जवळपास 30 लाख लोक कामामुळे जीव गमावतात, त्यातले अपघाताने साधारण 3 लाख 30 हजार आणि आजाराने सुमारे 26 लाख. म्हणजे एका अपघाती मृत्यूमागे सात-आठ मृत्यू आजाराचे, आणि आपले बॅनर, टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीची छोटी सेफ्टीची चर्चा), बक्षिसं बहुतेक सगळी त्या एकासाठी.

एक दृश्य सांगतो, मी ते अनेक ठिकाणी पाहिलंय. शिफ्ट संपते, दगड कापणारा माणूस अंगावर पांढरा थर घेऊन बाहेर येतो, कोपऱ्यात कॉम्प्रेसरचा पाइप लोंबत असतो, तो उचलतो आणि फस्सकन हवा मारून शर्ट-पँट झटकतो. मागून ऊन येत असेल तर त्याच्याभोवती धुळीचा ढग दिसतो, तो खोकतो, मग ढग खाली बसतो आणि सगळ्यांना वाटतं झालं स्वच्छ. पण जी खाली बसली ती जाड धूळ, ती नाकाच्या केसांत आणि घशातच अडकते. खरी वाईट धूळ म्हणजे काही मायक्रॉनची, सुटा कण डोळ्यांना न दिसणारी, ती बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जाते. दगडात, वाळूत, काँक्रीटमध्ये सिलिका असते, तिचे कण आत बसले की तिथे व्रण धरत जातात, त्यालाच सिलिकोसिस म्हणतात, तो बरा होत नाही आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो.

या एकाच कृतीत दोन्ही गोष्टी आहेत बघा. अंगावर कॉम्प्रेसरची हवा मारणं ही सेफ्टीची पण चूक आहे, कारण कण डोळ्यात घुसू शकतो आणि हवा कातडीतून आत गेली तर जिवावर बेततं. आणि ती हेल्थची पण चूक आहे, कारण बसलेली धूळ परत श्वासाच्या उंचीवर आणली. सुपरवायझर ओरडलाच तर डोळ्यासाठी ओरडतो, धुळीसाठी ओरडणारा मला फार क्वचित भेटला.

किचन ओट्याला लागतो त्या कृत्रिम दगडाचं तर विचारूच नका, त्यातल्या काही प्रकारांत 90 टक्क्यांहून जास्त सिलिका असते, आणि तो कोरडा कापणाऱ्या अगदी तरुण पोरांना थोड्याच वर्षांत सिलिकोसिस झालाय. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदीच घातली. तिथे अपघातांचं रजिस्टर बघून कुणाला काहीच कळलं नसतं कारण त्यात नोंदवण्यासारखं काही घडलंच नव्हतं, कळलं ते फुप्फुसं तपासली तेव्हा.

आवाजाचं पण तसंच. मशीनच्या गिअरमध्ये हात गेला तर सगळे धावत येतात, पण त्याच मशीनच्या आवाजाने कान गेला तर कोणी येत नाही. आठ तासांच्या शिफ्टला सरासरी 85 डेसिबल ही बऱ्याच ठिकाणी धरली जाणारी कमाल पातळी आहे, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, डेसिबलचा आकडा सरळ वाढत नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, म्हणून 88 ला चारच तास आणि 91 ला दोनच तास. मीटरवर 85 आणि 91 बघून मालकाला वाटतं सहाचाच तर फरक आहे, पण कानावरचा मारा चौपट असतो. आणि कान एकदम जात नाही, आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचा भाग जातो, साध्या गप्पांत ते लक्षातच येत नाही, फक्त घरचे म्हणायला लागतात की टीव्हीचा आवाज किती मोठा ठेवतोस. तोपर्यंत जे गेलं ते परत येत नाही.

मग गोंधळ का होतो? कारण पुष्कळदा वस्तू एकच असते, फक्त वेळ वेगळी असते. सॉल्व्हंट घ्या, म्हणजे रंग, ग्रीस वगैरे विरघळवणारं, पटकन उडून जाणारं द्रव. बंद टाकीत उतरून एकदम वास घेतला तर माणूस मिनिटांत कोसळतो, तो अपघात. तोच सॉल्व्हंट उघड्या डब्यातून रोज थोडा थोडा नाकात गेला तर वर्षांनी मज्जासंस्था किंवा यकृत सांगतं, तो आजार. पाठीचं पण तेच, एक गोणी उचलताना कळ आली तर अपघात, दहा वर्षं वाकून गोण्या उचलल्या आणि मणका झिजला तर आजार. आणि वास आला तर कळेलच की, असं म्हणणाऱ्यांना हायड्रोजन सल्फाइडचं उदाहरण मी हमखास देतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पुढे नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. नाकाच्या भरवशावर माणूस टाकीत उतरवू नका, आधी गॅस डिटेक्टरने मोजा.

आता मालकाने करायचं काय, तर दोन्हीकडे पद्धत वेगळी लागते आणि खरी मेख इथेच आहे. सेफ्टीत बरंचसं डोळ्यांनी दिसतं. गार्ड काढून ठेवलाय, कठडा नाही, वायर उघडी आहे, दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप लावलेलं नाही, हे एका राउंडमध्ये पकडता येतं. हेल्थमध्ये राउंड मारून काही दिसत नाही, तिथे मोजावंच लागतं, म्हणजे कामगाराच्या कॉलरला छोटा पंप-फिल्टर लावून पूर्ण शिफ्टची धूळ, खांद्यावर डोसिमीटर लावून पूर्ण शिफ्टचा आवाज. एकदा मोजून भागत नाही, माल बदलला किंवा मशीन बदललं की परत. सेफ्टीत थोडक्यात वाचलो त्या घटना लिहून काढतात आणि त्यातून शिकतात. हेल्थमध्ये थोडक्यात वाचलो असं काही नसतंच, तिथे त्याची जागा घेतात नियमित तपासण्या, फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, कानाची ऑडिओमेट्री, शिशाचं काम असेल तर रक्तातलं शिसं. आणि कामावर घेतानाच पहिली तपासणी केली नाही तर पुढच्या तपासण्यांची तुलना कशाशी करणार?

मास्क आणि इअरप्लग वाटले की आपलं काम झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1981 चा करार क्रमांक 155 आहे, त्याच्या कलम 16 मध्ये मालकाची कर्तव्यं एकाखाली एक दिलीत. आधी जागा, यंत्रं आणि कामाची पद्धत सुरक्षित ठेवा, मग रासायनिक, भौतिक, जैविक घटकांपासून आरोग्याला धोका होऊ देऊ नका, आणि त्यानंतर, गरज असेल तिथे, संरक्षक कपडे आणि साधनं द्या. क्रम बघा. यंत्र वेगळ्या वाक्यात आणि धूळ-आवाज-केमिकल वेगळ्या वाक्यात, म्हणजे सेफ्टी झाली की हेल्थ आपोआप झाली असं ते लिहिणाऱ्यांनीही धरलं नव्हतं. आणि मास्क तिसरा. दगड पाणी सोडून ओला कापा, धूळ उडते तिथेच खेचणारा एक्झॉस्ट बसवा, आवाज करणाऱ्या मशीनला पेटी करा, हे सगळं मास्कच्या आधी. घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसतच नाही, कडेने हवा आत येते, आणि उकाड्यात आठ तास तोंडावर मास्क ठेवणं काय असतं हे तो घालणाऱ्यालाच विचारा. त्याच कराराच्या कलम 21 प्रमाणे या उपायांचा खर्च कामगारावर टाकायचा नाही, म्हणजे मास्कचे पैसे पगारातून कापणं हे सरळ चूक आहे.

मानसिक ताणाचं थोडक्यात सांगतो. याच करारात आरोग्य म्हणजे फक्त आजार नसणं नाही, कामाच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेली शारीरिक आणि मानसिक बाजूही त्यात येते. सलग रात्रपाळ्या, सुपरवायझरच्या शिव्या, न झेपणारं टार्गेट, हेही हेल्थच्याच खात्यात लिहायचं.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल मला कळकळीने बोलायचंय, कारण हेल्थच्या बाबतीत सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर होतो. अपघात झाला तर निदान जागा कुणाची होती हे ठरतं. पण एक माणूस दोन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे, पाच वर्षं अजून कुठे अशी धूळ खातो आणि शेवटी आजार निघतो तेव्हा प्रत्येक मालक म्हणतो आमच्याकडे नाही झालं. ॲस्बेस्टॉसचे कॅन्सर तर पहिल्या संपर्कानंतर वीस-चाळीस वर्षांनीही येतात. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या डॉक्टरने 1700 सालीच सांगितलं होतं की पेशंटला बाकीच्या प्रश्नांसोबत काम काय करतोस हेही विचारा, आणि आजही कितीतरी केसपेपरवर तो रकाना रिकामाच असतो.

म्हणून नोंदींमध्ये पण फरक करायला लागतो. अमेरिकेच्या नियमांत हा फरक अगदी स्पष्ट दिसतो, तिथे इजा-आजारांचं वार्षिक रजिस्टर पाच वर्षं ठेवायचं असतं, पण कामगार कशाच्या संपर्कात किती आला याची मोजमापं 30 वर्षं, आणि त्याची वैद्यकीय कागदपत्रं तो नोकरीत असेपर्यंत आणि वर आणखी 30 वर्षं. तुमच्याकडचा नियम काहीही असो, माणूस काम सोडून जाताना त्याच्या हातात तीन कागद द्या, धुळीचं माप, आवाजाचं माप आणि त्याच्या तपासण्यांचे रिपोर्ट, तारखांसकट. पंचवीस वर्षांनी त्याला खोकला लागला आणि समोरच्या डॉक्टरने विचारलं काम काय करत होतात, तर दाखवायला त्याच्याकडे तेवढेच असतील.